बोगद्यातला पीळ

१

संक्रांतीची आठवडाभराची सुट्टी संपून शाळा उघडली त्या सकाळी गौहरने बोगद्याचं दार लोटलं आणि ती उंबऱ्यातच थांबली.

टोमॅटोची झाडं मेलेली नव्हती. मेली असती तर तिला एवढं नवल वाटलं नसतं. ती पिळलेली होती. ओलं धोतर दोघांनी दोन टोकांना धरून पिळावं तसे खोडांना वेढे बसले होते. शेंडे खाली वळले होते. नवी पानं अरुंद, लांबट झाली होती आणि त्यांच्या शिरा मिटलेल्या पंख्याच्या काड्यांसारख्या एकमेकींना खेटल्या होत्या.

बोगदा हे नाव पोरांनी ठेवलेलं. लोखंडी कमानींवर ताणलेलं दुधी प्लास्टिक, दोन्ही बाजूंना खालीवर करता येणारे पडदे, आत भाजीचे वाफे. दौलताबादच्या अलीकडच्या या गावात शाळेच्या मागची ही जागा वर्षानुवर्षं मुरमाड पडून होती. गौहर विज्ञान शिकवायला आली, तिने पोरांकडून माती भरून घेतली, आणि इथली भाजी पोषण आहाराच्या खिचडीत जायला लागली. रोज शहरातल्या उस्मानपुऱ्याहून बसने येताना तिच्या मनात वर्गाच्या आधी हा बोगदा यायचा.

"पंप मारलाय कुणीतरी," मागून मुख्याध्यापक घुगे सर म्हणाले. "आणि कुणी ते सांगायला ज्योतिषी नको. चावी रामकिसनकडे, पंप रामकिसनकडे. सुट्टी लागायच्या दिवशी फवारताना मी त्याला या डोळ्यांनी पाहिलं, आणि संध्याकाळच्या गाडीने तो फर्दापूरला पळाला."

"पळाला नाही सर. त्याचं गाव आहे ते."

"मला नका सांगू. आप्पासाहेबांना सांगा. शनिवारी शाळा समितीची सभा आहे. रामकिसनला काढायचा ठराव तयार आहे त्यांचा. त्याच्या जोडीला बोगदाही काढायचा."

रामकिसन शाळेचा शिपाई. समितीने ठेवलेला, म्हणजे समितीने काढता येणारा. बायकोसह शाळेच्याच मागच्या खोलीत राहायचा. काम गेलं की डोक्यावरचं छप्परही जाणार होतं. आणि ज्याने शाळेच्या भाजीवर विष मारलं, त्याला या पंचक्रोशीत दुसरं काम कोण देणार?

"पहिली गोष्ट," गौहर म्हणाली, "इथली एक काडीही आजपासून खिचडीत जाता कामा नये."

सर मान हलवून गेले. ती वाफ्यांमधून चालत राहिली. वांगी पिळलेली. भेंडी पिळलेली. वालाचे वेल, मेथी, कोथिंबीर, सगळ्यांची तीच गत. मग ती कांद्याच्या वाफ्यापाशी आली आणि खाली बसली.

कांदे सरळ उभे होते. पलीकडचा लसूणही. त्यांना कशाचा पत्ताही नव्हता.

२

रोग असता तर त्याने एखादं कूळ धरलं असतं. टोमॅटोवरचा रोग वालावर जात नाही, वालावरचा भेंडीवर. इथे रुंद पानांचं एकही झाड सुटलं नव्हतं, आणि कांदा-लसणाच्या नळीसारख्या पातीला धक्काही नव्हता. अशी निवड करणारी वस्तू गौहरला माहीत होती. गव्हा-मक्यातलं रुंद पानांचं तण मारायला शेतकरी जे औषध आणतात, ज्याला सगळे टूफोरडी म्हणतात, ते नेमकं एवढंच करतं. गवत, कांदा अशा अरुंद पातीच्यांना सोडतं, बाकीच्यांना पिळतं.

म्हणजे तणनाशक. प्रश्न एवढाच उरला की ते आत आलं कसं.

गावाहून परतलेला रामकिसन आपल्या खोलीसमोर पंप पुढ्यात घेऊनच बसला होता, जसा काही तो पंपच साक्ष देणार होता.

"मॅडम, म्या लिंबोळीचा अर्क मारला. दुसरं काय मारलं असंल तर हे हात झडू द्या."

"शपथा नकोत, रामकिसनभाऊ. पंप कुणाला दिला होता?"

"कुनालाच नाय. माज्या खाटंखाली असतोय. पर कोन इस्वास ठिवनार? बायको सकाळधरनं भांडी बांधायलीय."

"पडदे?"

तो गोंधळला. "पडदे खाली सोडून गेलतो. थंडी लई पडली ना. रोज दुपारी वर करतोच की. सुट्टीत कोन करनार?"

"म्हणजे सगळी सुट्टी बोगदा बंद होता."

"व्हय. कडेकोट." त्याचा चेहरा उतरला. "ती चुकी झाली का?"

गौहरने पंपात स्वच्छ पाणी घातलं, खळखळून हलवलं, आणि ते पाणी एका बाटलीत घेतलं. प्रयोगशाळेच्या खिडकीत टोमॅटोची रोपं होती. काहींना पंपाचं पाणी दिलं, काहींना नळाचं. पंपाला टूफोरडीचा नुसता हात लागला असता तरी शनिवारच्या आत रोपं बोलली असती.

"तोवर काय करू?" रामकिसनने विचारलं.

"बायकोला म्हणावं, भांडी सोड."

पण ते म्हणताना तिला स्वतःलाच खात्री नव्हती.

३

बोगद्याच्या पश्चिमेला आप्पासाहेबांचं शेत. ते समितीचे अध्यक्ष आणि बोगद्याचे पहिल्या दिवसापासूनचे विरोधक.

"या मॅडम!" ते बांधावरूनच ओरडले. "शाळा सोडून पोलिसात लागल्या म्हने?"

"अजून वर्दी मिळायचीय," गौहर म्हणाली. "गव्हातलं तण कशाने काढलं?"

"बायांनी. खुरपून." त्यांनी नाक मुरडलं. "तुमचा संशय कळतोय मला. त्या औषदाचा वास घेतला की माझं डोकं दिवसभर धरतंय. माझ्या शेतात येऊच देत नाय मी ते. गावात कुनालाबी इचारा."

"विचारते."

"इचारा, इचारा. आनि हे बी ऐका. तुमचा बोगदा मला नकोच. बोअरचं पानी समदं तिकडं मुरतंय, पोरं अभ्यास सोडून चिखलात खेळत्यात. पर मला नको असंल तर मी सभेत हात वर करून काढीन. चोरून औषद मारायला मी काय कुनाचा मिंधा हाय?"

गौहर त्यांच्या शब्दांपेक्षा त्यांच्या बांधाकडे पाहत होती. गहू आणि बोगदा यांच्या मधोमध मिरचीची एक ओळ होती. मिरची या औषधाला टोमॅटोइतकीच हळवी. वाऱ्यावर काही आलं असतं तर आधी हिच्या अंगावरून गेलं असतं. झाडं ताठ होती, फुलं धरलेली.

"मिरची छान आहे, आप्पासाहेब."

"मग? नजर नका लावू."

परत येताना ती बोगद्याला बाहेरून चक्कर मारून आली. प्लास्टिकला कुठे भोक नव्हतं. बाहेरच्या कडेने पोरांनी लावलेली वांगी टवटवीत होती. आतली पिळलेली आणि हातभर अंतरावरची बाहेरची सुखरूप.

मग जे काही घडलं ते आतच घडलं होतं, आणि आत जायची चावी रामकिसनकडे होती.

निदान तिला तसं वाटत होतं.

४

"चावी?" दगडाबाई फुंकणी खाली ठेवत म्हणाली. "ती हितं खिळ्याला असतीय की. रामकिसन सकाळी हितंच अडकीतो. मला भाजी तोडायची असती ना."

दगडाबाई शाळेची खिचडी शिजवायची. चुलीपलीकडे भिंतीला टेकून तिची सून आशाबाई तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. दिवाळीच्या सुमारास ती बाळंत झाली होती आणि बाळ जगलं नव्हतं, एवढं गौहरच्या कानावर होतं.

"सून मदतीला येते वाटतं रोज?"

"घरी एकली बसून काय करती? म्हनून आनते." दगडाबाईने पातेल्यावर झाकण ठेवलं. "मॅडम, एक इचारू? झाडं जाऊ द्या. पोरांना तर काय व्हनार नाय ना? सुट्टीच्या आदी मेथी घातलीय म्या खिचडीत."

"तेव्हा मेथी चांगली होती. मी स्वतः पाहिली होती. कुणाला काही झालेलं नाही. आणि आता तोडायची नाही."

"नाय तोडत." तिने फुंकणी उचलली. "रामकिसनाला काढनार म्हनं खरंच?"

"शनिवारी ठरेल."

दगडाबाई चुलीत काटकी सारत राहिली. आच चांगली होती, तरी सारत राहिली.

"गुनाचं पोरगं हाय," ती म्हणाली.

आशाबाईच्या हातातलं सूप थांबलं होतं. तांदळात खडा नव्हता, किडाही नव्हता. ती नुसतीच त्यात पाहत होती. दगडाबाईने उठून तिच्या खांद्याला हात लावला, तेव्हा सूप पुन्हा हलायला लागलं.

५

दुसऱ्या दिवशी गौहरने रामकिसनला बोगद्याचे पडदे खाली सोडायला सांगितलं आणि ऊन चढायची वाट पाहिली.

फवारणी करणारा माणूस दारातून शिरतो. त्याचं औषध वरच्या पानांवर पडतं, खालची झाकली जातात. इथे वरची-खालची पानं सारखीच पिळलेली होती. आणि दाराजवळची झाडं जेमतेम वाकलेली, मधली जास्त, शेवटच्या टोकाची तर ओळखू येऊ नयेत अशी. त्या टोकालाच फळीवर रोपांचे दोन ट्रे होते. उघड्या ट्रेमधली रोपं गुंडाळली गेली होती. शेजारच्या ट्रेवर पारदर्शक झाकण होतं, आणि त्यातली रोपं शहाण्या मुलांसारखी सरळ होती.

म्हणजे थेंब नव्हते, वाफ होती. टूफोरडीचा एक प्रकार उष्णतेने हवेत उडतो. पडदे रोज वर होत होते तोवर ती वाफ वाऱ्यावर निघून जात असणार. सुट्टीत पडदे बंद राहिले आणि ती आत कोंडली. कुणी काही मारलंच नव्हतं. कुणीतरी काहीतरी ठेवलं होतं.

दुपारी ती आत गेली. टोकाला ठिबकसाठी पाण्याचा काळा ड्रम विटांवर उभा होता. ड्रम उन्हाने तापला होता. आणि तिथे, अगदी पुसट, दवाखान्याच्या फरशीसारखा वास होता.

"रामकिसनभाऊ, हातमोजे आणा. आणि तुम्ही बाहेर थांबा."

ड्रम आणि भिंतीच्या फटीत, विटांच्या आड, तेलाचा अर्धा कापलेला डबा होता. डब्यात काठोकाठ राख. राखेत बाटली. अर्धी वापरलेली, लेबल तेच. झाकणावरून, मानेवरून, सबंध अंगावरून दोऱ्याचे इतके वेढे की खालचं प्लास्टिक दिसू नये. दोरा तांदळाच्या पोत्याच्या तोंडाची शिवण उसवून काढलेला. प्रत्येक थरावर गाठ, आणि गाठीवर गाठ.

तिने पडदे वर करवले, डबा प्रयोगशाळेच्या बाहेरच्या ओट्यावर नेऊन बंद पेटीत ठेवला, आणि बराच वेळ पायरीवर बसून राहिली.

नुकसान करायला आलेला माणूस बाटली उघडून ठेवेल. त्याने ती दोऱ्याने अशी जखडली नसती. सांडलंच तर शोषलं जावं म्हणून राख घातली नसती. ज्याने हे केलं त्याला एकच गोष्ट हवी होती, ही बाटली कुणाला सहज उघडता येऊ नये. दोऱ्याने हात अडतो, वाफ अडत नाही, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं.

राख आणि पोत्याचा दोरा शाळेत एकाच जागी सापडतात. पण मग बाटली त्याच खोलीत का लपवली नाही? तिथे पोरांचं अन्न शिजतं म्हणून. आणि स्वतःच्या घरी?

गौहरला तांदळात पाहणारे ते डोळे आठवले. ती उठली आणि स्वयंपाकाच्या खोलीकडे निघाली.

६

"दगडाबाई, डबा मिळाला."

दगडाबाईने गौहरकडे पाहिलं नाही. तिने आधी सुनेकडे पाहिलं. आशाबाई अंगणातल्या नळावर पातेलं घासत होती, ऐकू न येण्याइतकी लांब.

"हळू बोला," ती म्हणाली.

दोघी भिंतीच्या आडोशाला गेल्या.

"मालकानं मक्यात मारायला आनली व्हती. उरलेली गोठ्याच्या कोनाड्यात. एक दिवस मी दूध काढून उठले तर ही कोनाड्याम्होरं हुबी. हात नाय लावला. नुसती हुबी. म्या म्हनलं, काय गं? तर म्हनं, काय नाय." दगडाबाईने पदराने तोंड पुसलं. "त्या दिसापासून तिला नजरंआड करत नाय मी."

"बाटली फेकून का नाही दिली?"

"कुठं? नाल्यात? गुरं पानी पेत्यात. आनि फेकली म्हनलं तर मालक दुसरी आनील. शाळेनं तनासाठी मागून नेली म्हनलं, तवा गप बसला. चुलीपाशी ठिवावी तर पोरांचं अन्न. बोगद्याला कुलूप असतंय, ड्रमामागं पोरांचा हात जात नाय..." तिने हवेतच गाठ आवळून दाखवली. "म्या लई आवळून बांदली व्हती मॅडम. लई आवळून. झाडं कशी मेली?"

गौहरने तिला ड्रमची उष्णता, कोंडलेली हवा, सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. दगडाबाई ऐकत होती आणि मान हलवत होती, जणू दुसऱ्याच कुणाचा गुन्हा ऐकतेय.

"घरात कुणाशी बोललात?"

"कुनाशी बोलू? एकाच्या कानातलं गावाच्या तोंडात. मंग म्हनतील, हिच्या मनात तसलंच हाय. माहेरचे म्हनतील, सासूनं छळली. तिला वर मान करून चालू देतील का कोनी?"

"हे दुखणं आहे, दगडाबाई. बाळ गेल्यावर होतं. त्याला डॉक्टर असतात, औषध असतं. सोमवारी शहरात सरकारी दवाखान्यात मी तुमच्याबरोबर येते. तिला त्या कोनाड्याबद्दल सरळ विचारलं तरी चालतं. विचारल्याने कुणी तिकडे ढकललं जात नाही."

"खरं?"

"खरं." मग गौहर जे बोलायला आली होती ते बोलली. "सभेत मी सांगेन की कुणी फवारलं नाही. बाटली कुणी ठेवली ते मी सांगणार नाही. पण नाव नसेल तर ते नाव रामकिसनचंच धरतील."

नळावरचं पाणी बंद झालं. आशाबाई उभी राहून सासूला शोधत होती.

"आले गं!" दगडाबाईने हाक दिली आणि ती नळाकडे गेली.

७

शनिवारी चौथीच्या वर्गात सभा भरली. बाकं लहान म्हणून माणसं तिरकी बसली होती. रामकिसन दाराशी, चपला काढतात तिथे. दगडाबाई बायकांमध्ये, सून जवळ खेटून.

गौहरने टेबलावर रोपं मांडली. पंपाच्या पाण्यावरची आणि नळाच्या पाण्यावरची. "यांतलं कुठलं रोप कुठल्या पाण्यावरचं ते ओळखा."

कुणालाच येईना. सगळी सारखीच सरळ होती.

"म्हणजे पंप स्वच्छ आहे," ती म्हणाली. मग कांदे, मिरची, झाकलेला ट्रे, ड्रम, वाफ. कुठेही आवाज न चढवता, फळ्यावरचं गणित सोडवावं तसं. शेवटी म्हणाली, "बाटली ड्रममागे सापडली. ज्याने ठेवली त्याला झाडांचं वाईट करायचं नव्हतं."

"आनि त्यो कोन?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"मला माहीत आहे. मी सांगणार नाही."

वर्गात कुजबुज उठली. घुगे सर अस्वस्थ होऊन म्हणाले, "मॅडम, असं कसं चालेल? समितीला नाव लागतं."

"फवारणारा कुणी नव्हता हे सिद्ध झालं, सर."

"झालं की," आप्पासाहेब म्हणाले. "पंप त्यानं मारला नसंल. पर बाटली तर कुनीतरी आनली ना शाळंत? चावी कुनाची? जबाबदारी कुनाची? तुमी नाव झाकायलात म्हनजे ते त्याचंच हाय. दयाळू हात तुमी, मान्य. पर शाळा दयेवर चालत नाय." त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि ठराव पुढे ओढला.

रामकिसन उठला. त्याने एका चपलेत पाय घातला.

"थांब रं," दगडाबाई म्हणाली.

ती उभी राहिली होती. एक हात सुनेच्या खांद्यावर, दुसऱ्याने पदर धरलेला.

"बाटली माजी. म्या ठिवली."

"तुमी?" आप्पासाहेबांचं पेन अधांतरी राहिलं. "कामून?"

"घरात ठिवू वाटंना."

"म्हंजे? घरात जागा नाय का?"

आशाबाईने मान खाली घातली होती. मग तिने हात वर नेला आणि आपल्या खांद्यावरचा सासूचा हात धरला. वर्गातल्या बायकांनी ते पाहिलं. कुणीही तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही, आणि त्या न पाहण्यातच सगळ्यांना कळून चुकलं.

समितीतल्या साळूबाई, पांढऱ्या केसांच्या, बसल्या जागेवरूनच बोलल्या. "आप्पासाहेब, लई वर्सांमागं तुमच्या घरी औषद कुठं ठिवत व्हते?"

"माळ्यावर."

"मंग त्या माळ्याची शिडी कुनी काढून ठिवली?"

आप्पासाहेबांनी हातातलं पेन फिरवलं. "आईनं," ते म्हणाले. "माझा धाकटा भाऊ जिता व्हता तवा. त्याच्यापायी." आणि वासाने डोकं धरणाऱ्या त्या माणसाने पेनला टोपण लावलं.

घुगे सरांनी घसा खाकरला. "ठराव मागे घेतला असं लिहितो. रामकिसनचं काम आहे तसं. बोगदाही." ते थांबले. "आणि बाटल्यांचं... ग्रामपंचायतीत लोखंडी कपाट रिकामं आहे एक. ज्यांना घरी नको असेल त्यांनी तिथे."

"दोन कुलुपं लावा," साळूबाई म्हणाल्या. "दोन चाव्या, दोन घरी."

माणसं उठली. गौहर रोपं गोळा करत होती. दाराशी रामकिसन दगडाबाईसमोर उभा होता, एका पायात चप्पल घातलेला.

"मावशे, मला तरी सांगायचं," तो म्हणाला. त्याचा आवाज रागाचा होता आणि नव्हताही. "माझ्या खोलीत पेटी हाय. कुलूप हाय. तिथं ठिवली असती म्या."

दगडाबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो आठवडाभर जेवला नसावा असा दिसत होता.

"तुझ्याबी खोलीत बायको हाय ना रं," ती म्हणाली. "आनि तूबी हायेस."